दगड हलण्याआधी

अंधेरी पूर्वेला, मेट्रो आणि हॉटेलांच्या गराड्यात, आमचं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं, गावठाण आहे. चर्चच्या मागे छोटी सिमेट्री, म्हणजे आमची दफनभूमी. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबतं, म्हणून मधली वाट उंच करायचं ठरलं आणि त्यासाठी कडेचे जुने दगड उचलावे लागणार होते. दगड एकदा जागेवरून हलला की तो कुणाच्या डोक्याशी होता हे सांगणारं कुणी उरत नाही. मी फादरांना जाऊन भेटले. "फादर, काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दगड मला वाचून, लिहून घेऊ द्या." ते लगेच हो म्हणाले. अट एवढीच, की मृतांच्या नोंदीचं रजिस्टर ऑफिसबाहेर न्यायचं नाही आणि त्याचे फोटो काढायचे नाहीत.

मुंबईत मेलेल्यांनाही जागा अपुरी. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि त्याच मातीत दुसरा माणूस पुरला जातो. कायमची कबर ज्यांना परवडली, त्यांचाच दगड राहिला. त्यामुळे दगड वाचले म्हणजे गाव वाचलं, असं होत नाही. दगड आणि रजिस्टर दोन्ही शेजारी ठेवूनच बसावं लागतं.

आधी सगळ्या जागेचा हाताने नकाशा काढला आणि प्रत्येक दगडाला नंबर दिला. मग सफाई. इथे मी कुणाचंही ऐकलं नाही. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको, साबणही नको. नुसतं पाणी आणि मऊ केसांचा ब्रश. शेवाळ भिजू द्यायचं आणि हलकेच सोडवायचं. कोरलेल्या अक्षरांत खडू भरायची सवय पुष्कळांना असते. तीही टाळावी, कारण रेघ कुठं संपते हे आपण ठरवायला लागतो आणि ३ चा ८ होतो.

वाचायचं ते तिरप्या उन्हात. भर दुपारी ज्या दगडावर काहीच दिसत नाही, त्यावर सकाळी साडेसातला नाव उठून येतं. झाडाच्या सावलीतल्या दगडांसाठी भाचा आरसा धरून उभा राहायचा आणि ऊन बाजूने दगडावर पाडायचा. जसं दिसेल तसं, ओळीखाली ओळ, वहीत उतरवायचं. जिथं अक्षर गेलं तिथं टिंब. अंदाजाने भरायचं नाही.

संगमरवरी पाट्यांनी मात्र थांबवून ठेवलं. त्यांवर अक्षरं शिशाची बसवलेली असत आणि बऱ्याच पाट्यांवरचं शिसं गळून गेलं होतं. दुरून कोरी दिसणारी पाटी जवळ जाऊन पाहिली तर तिच्यावर बारीक भोकांच्या रांगा. शिशाचं अक्षर पक्कं बसावं म्हणून कारागीर दगडात भोकं पाडत असे आणि अक्षर गेलं तरी भोकं राहतात. रोमन आयला एकाखाली एक, ओला गोलात, एमला चार पायांवर. बोटाचं टोक फिरवत, कागदावर ठिपके मांडत मी एक पूर्ण नाव जुळवलं. वय होतं सहा वर्षं. ते नाव रजिस्टरात सापडलं तेव्हा ऑफिसात बसून मला रडू आलं.

दगडांवरून गावाचे दिवस कसे पालटले तेही कळतं. सगळ्यात जुने काळ्या पाषाणाचे, मजकूर पोर्तुगीज. त्यानंतर मालाडच्या पिवळ्या दगडाचे, मग संगमरवर, आणि मजकूर इंग्रजी. काही दगडांवर मराठी, देवनागरीत. घरात आम्ही सगळे पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आलो, पण दगडावर ती उशिरा आली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, इथल्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेऊन असोसिएशन स्थापन केली. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून आलेल्यांपासून आपली ओळख वेगळी दाखवणं गरजेचं झालं होतं. आमच्याकडचे इंग्रजी दगड त्याच सुमारापासून वाढत जातात. भातशेती करणाऱ्याच्या दगडावर धंदा लिहिलेला नसतो, रेल्वेतल्या गार्डाच्या दगडावर असतो.

रजिस्टरात सगळ्यात जड पानं १८९७ ची. आदल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत तो शहरभर पसरला. आमच्या रजिस्टरात तोवर प्रत्येक नोंद ऐसपैस आहे: नाव, बापाचं नाव, घर, शेवटचे संस्कार मिळाले की नाही. मग ओळी जवळ येतात, अक्षर बदलतं, आणि आजाराच्या जागी एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसतो: पेस्त, पोर्तुगीजात प्लेग. एकाच आडनावाची चार माणसं एका पानावर. यांतल्या फारच थोड्यांचे दगड आहेत. गावाच्या वेशीवरचा क्रूस लोकांनी त्याच साथीत बांधला. वांद्र्यात, गिरगावात असे क्रूस कितीतरी आहेत. लोक त्यापुढे मेणबत्ती लावून पुढे जातात. आता मी तिथं थांबते, कारण नावं मला माहीत आहेत.

माझ्या पणजीची थोरली बहीण मात्र कुठेच सापडेना. दगड आहे, नोंद नाही. उत्तर एका म्हाताऱ्या आंटींनी दिलं. "बाय, ती दुसऱ्या चर्चची होती. त्या वेळेला दोन पार्ट्या होत्या." मुंबईच्या कॅथलिकांवर तेव्हा दोन अधिकार चालत: गोव्याच्या आर्चबिशपांमार्फत पोर्तुगालचा पाद्रुआदो आणि थेट रोमच्या हाताखालचा प्रोपागांदा. १७९४ मध्ये चर्चची वाटणी झाली आणि हे दुहेरी राज्य मिटायला १९२८ चा करार यावा लागला. एकाच गल्लीतली दोन घरं, नव्हे, नवरा-बायकोची माहेर-सासरची माणसंही, वेगवेगळ्या रजिस्टरांत जात. दुसऱ्या पॅरिशच्या, म्हणजे त्या दुसऱ्या चर्चच्या, ऑफिसात खूप खेटे घालावे लागले, पण नोंद मिळाली. घराण्याचा शोध घेणाऱ्यांनी आधी हे विचारावं: आपली माणसं कुठल्या बाजूची होती?

रजिस्टर टिकलं तर गाव टिकतं, असं मी ठामपणे म्हणते. मरोळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ चं. साथीमुळे १८४० मध्ये लोकांनी ते सोडलं, आणि त्याचे भग्न अवशेष आज सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या कुंपणाआड आहेत. जागा अशा आपल्या हातातून जातात, तिथल्या माणसांची नावं कुठंतरी लिहिलेली असायला हवीत.

वाटेचं काम झालं. उचललेले दगड माझ्या नकाशातल्या नंबरांसकट पूर्वेच्या भिंतीला ओळीने लावले आहेत आणि मूळ जागी त्याच नंबरांच्या छोट्या फरश्या बसवल्या आहेत. यादीची एक प्रत फादरांच्या कपाटात आहे, एक माझ्याकडे. अजून काही दगडांना नाव मिळालेलं नाही. २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळी घरं झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन सिमेट्रीत येतात. त्या दिवशी मी वही घेऊन फाटकाशी बसणार आहे. ज्यांच्या घरी जुनी लग्नपत्रिका, मासची (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची) पावती, पणजोबांचा रेल्वेचा दाखला, काहीही असेल त्यांनी ते घेऊन यावं.