सेल्बूचा हातमोजा: नक्षी झाली, आता अंगठा

डाव्या हातमोज्याच्या पाठीवरची आठ पाकळ्यांची नक्षी पुरी झाली. नॉर्वेत, सेल्बू गावात, तिला गुलाबच म्हणतात. १८५७ साली मारित एम्स्टा या मुलीने ती हातमोज्यांवर विणली आणि पुढे अख्ख्या गावाला विणकामाचा रोजगार मिळाला. पांढऱ्यावर काळा, एवढाच मामला. दोन रंगांचं विणकाम शिकायला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही, कारण चार्टवरचा, म्हणजे नक्षीच्या चौकटीच्या आराखड्यावरचा, प्रत्येक चौकोन सुईवर स्पष्ट ओळखू येतो.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो मागच्या धाग्यांना. दोन्ही रंग मागून सोबत जातात. त्यातला जो खालून जातो, त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तोच रंग उठून दिसतो. म्हणून नक्षीचा काळा कायम खालून, पांढरा कायम वरून. काळा डाव्या हातात आणि पांढरा उजव्या हातात धरला की हे आपोआप साधतं, शिवाय गुंडे एकमेकांत गुंतत नाहीत. मध्येच हा क्रम उलटला तर पाकळीचा एक भाग फिका दिसतो. लांबून बघा, लगेच कळेल.

धाग्यांचा ताण सारखा राहावा, मागचे धागे आवळू नयेत, यासाठी दोन गोष्टी फार कामी आल्या. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरवायचे, मगच दुसरा धागा घ्यायचा. आणि हातमोजा आतली बाजू बाहेर करून विणायचा. मग मागचे धागे बाहेरच्या, मोठ्या घेरावरून जातात आणि सुयांच्या सांध्यावर आवळत नाहीत. पाचाहून जास्त टाके ओलांडायचे असतील तिथे मी धागा मध्ये अडकवते, पण लागोपाठच्या ओळींत एकाच जागी नाही. तसं केलं तर पांढऱ्यातून काळा डोकावतो.

लोकर साधीच घ्या, मशीनमध्ये धुण्यासाठी प्रक्रिया केलेली नको. साध्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरतात, वापरता वापरता मागचे धागे आतून चिकटून बसतात. कोमट पाण्यात भिजवून सपाट वाळवल्यावर माझ्या नमुन्याचे खालीवर दिसणारे टाके एकसारखे झाले.

तळव्याची बारीक नक्षी भराभर होते, तिच्यात लांब धागे नाहीतच. अंगठ्याचे टाके वेगळ्या धाग्यावर ठेवलेत. ते उचलताना दोन्ही कोपऱ्यांत भोक राहू नये म्हणून जादा टाके घेणार आहे. तिथे तुम्ही कुठला रंग वापरता, पांढरा की काळा?