किल्ली घासताना

कपाटाच्या जुन्या कुलपाला एकच किल्ली उरली होती आणि तिचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. किंचित वर उचलून धरली तरच फिरायची. ही खुबी घरात मला एकट्यालाच जमायची, त्यामुळे कपाटातलं काहीही हवं असलं की हाक मलाच!

तिच्यावरून दुसरी घासली असती तर तिची झीजही नव्या किल्लीत उतरली असती. म्हणून किल्ली बाजूला ठेवली आणि कुलूपच खोललं.

वरचा पत्रा काढला, तर आत पितळेची पाच पाती एकावर एक. प्रत्येकाला स्वतःची नाजूक स्प्रिंग. (त्यातली एक उडाली. ती शोधण्यात अर्धा तास गेला.) प्रत्येक पात्याला एक खाच, आणि खालच्या बोल्टवर, म्हणजे कुलूप लावणाऱ्या सरकत्या पट्टीवर, एक खुंट. पाचही खाचा खुंटासमोर आल्या तरच बोल्ट सरकतो. पातं कमी उचललं तर अडतो, हे कुणालाही पटेल. पण जास्त उचललं तरी अडतो. अशी कुलपं येण्याआधीच्या साध्या कुलपांत खिट्टी पुरेशी वर गेली की भागायचं, कितीही वर जाईना का. 1778 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने ही सवलत बंद केली. 1818 मध्ये जेरेमाया चब आणखी पुढे गेला. त्याच्या कुलपात पातं फाजील उचललं गेलं की कुलूप अडकूनच बसायचं आणि कुणीतरी हात लावलाय हे मालकाला कळायचं. चहाडखोर कुलूप!

कोऱ्या किल्लीवर आधी बोल्ट सरकवणारा दात केला. मग एकच पातं बसवायचं, किल्ली फिरवून बघायची, खाच खुंटाच्या वर जातेय तोवर त्याच्यापुरता दात कानशीने घासायचा. जमलं की पुढचं पातं. किल्लीवर काजळी धरली की नेमकं कुठे घासतंय ते चकचकीत दिसतं. तीन पाती झाली, चौथ्याला जरा जोर लागला आणि खाच खुंटाच्या खाली राहिली. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. दुसरी कोरी किल्ली घेतली.

ती मात्र सरळ घातली की सरळ फिरते, घरात कुणाच्याही हातात. फक्त माझा हात अजून सवयीने तिला किंचित वर उचलतो, आणि मग ती अडते.