बेवारस

'बेवारस' म्हटलं की काहीतरी टाकून दिलेलं, धूळ खात पडलेलं डोळ्यांपुढे येतं. खरं तर हा शब्द इस्टेटीच्या कागदांतला. 'बे' फारसीतून आलेला, 'वारिस' अरबीतून; हक्क सांगायला मागे कुणी उरलं नाही, एवढंच तो सांगतो. भंगार निकामी असतं, अडगळ नकोशी असते. बेवारस गोष्ट चांगली धडधाकट असू शकते.

जुन्या दप्तरांत याचे भाऊबंद सापडतात. मिरासदाराचं, म्हणजे पिढीजात जमीनधारकाचं, कूळ बुडालं किंवा परागंदा झालं, की त्याची जमीन 'गतकूळ'. गावच उठून गेलं तर ते 'बेचिराख', म्हणजे जिथे दिवा लावायला माणूस नाही असं. (आपण हल्ली जळून खाक झालेल्याला बेचिराख म्हणतो. त्यात 'राख' ऐकू येते म्हणून असेल.)

वारस नाही म्हटलं की सरकार मात्र तत्परतेने पुढे होतं. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी याच सबबीवर खालसा केली. दोन्हीकडे दत्तक मुलगे हजर होते, पण ते त्याने मोजलेच नाहीत! आजही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार कुणीच वारस नसेल तर मालमत्ता सरकारकडे जाते, तीही देण्यांसकट. बँकेत दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मात्र वारस उशिरा उगवला तरी त्याला त्या मागता येतात.

माणसाचं वेगळं. १९४९ च्या मुंबईच्या अ‍ॅनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतो. ज्याची ओळख पटवायला कुणी आलं नाही, त्याची नस न् नस विद्यार्थी नावानिशी पाठ करतात. पुढे कुणाच्या तरी पोटावर सुरी चालवताना ते ज्ञान कामी येतं. इस्टेट अशी सगळ्यांत वाटली गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आता हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो भोंग्यावरून: बेवारस वस्तूला हात लावू नका. सूचना रास्तच आहे, पण शब्द पटत नाही. रॅकवर राहिलेल्या पिशवीचा वारस कशाला शोधायचा? तिचा मालकच हयात असतो, आणि बहुधा पुढच्या स्टेशनात उतरून, स्वतःला शिव्या घालत, उलट्या दिशेची गाडी पकडत असतो.