एका वेळी किती दिसले?

गुरुवार, रात्र

उद्यापासून चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे घराभोवतीच्या पक्ष्यांची गणती. ही गणती अमेरिकेत 1998 साली सुरू झाली आणि 2013 पासून जगभर, आपल्याकडेही, होते. फेब्रुवारीच्या मध्यावरचे शुक्रवार ते सोमवार. वेगळी नावनोंदणी लागत नाही. या दिवसांत ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ आणि ॲप) टाकलेली यादी आपोआप तिच्यात धरली जाते.

पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याची तयारी आजच केलेली बरी. मातीचं, पसरट, कडेला इंचभर आणि मध्ये फार तर दोन इंच पाणी. त्याहून खोल पाण्यात चिमण्या आणि चष्मेवाला पक्षी उतरत नाहीत, नुसते कडेवरून पिऊन जातात. भांडं आतून गुळगुळीत असेल तर पाय टिकायला एक खडबडीत दगड टाकायचा. पाणी रोज बदलायचं आणि बदलताना आतली कड काथ्याने घासायची. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं ओतून पुन्हा भरलं की ती तिथेच असतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून दहा मिनिटं भिजवायचं, भरपूर धुवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं. जवळपास आजारी किंवा मेलेला पक्षी दिसला तर दाणापाणी काही दिवस बंदच ठेवायचं.

जागा ठरवताना काचेपासूनचं अंतर आधी बघायचं. तीन फुटांच्या आत, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधलं अंतर सगळ्यात वाईट. दचकून उडालेल्या पक्ष्याला काचेत समोरचं झाड दिसतं, आणि काचेपर्यंत पोहोचेस्तोवर त्याने चांगला वेग घेतलेला असतो. तीन फुटांत तेवढा वेग येत नाही.

दाण्यांचं म्हणाल तर बाजरी, राळा, तांदळाची कणी, सकाळी एक मूठ. दुपारपर्यंत संपेल एवढीच. उरलेलं झाडून घ्यायचं. रात्री उंदीर येतात आणि ओल्या दाण्याला बुरशी धरते. शेव-फरसाण आणि पाव नको. मोकळ्या ताटलीत दाणे ठेवले की पारवे येणारच, आणि पारव्यांच्या घोळक्यात दुसरं कुणी टिकत नाही. दीड इंची जाळीच्या पिंजऱ्यात ताटली ठेवली तर चिमणी-मुनिया आत जातात, पारवा बाहेर राहतो. कबुतरखान्यांचा वाद 2025 साली मुंबईत हायकोर्टापर्यंत गेला, तेव्हा शेजाऱ्यांनाही ही जाळी आवडेल. मोजणीसाठी खरं तर दाण्यापेक्षा पाणी कामाचं. दाणा ठरावीक चार जातींना बोलावतं, पाणी सगळ्यांना. पपईची फोड तारेला टांगली की बुलबुल, कोकीळ आणि कधी तांबटही येतो. मुंग्यांसाठी तारेच्या मध्यावर पाण्याची छोटी वाटी अडकवायची. तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, ते पिसांना लागतं. शिंजीरांसाठी (फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी) साखरेच्या पाण्याचा खटाटोप करण्यापेक्षा कुंडीत हमेलिया हे फुलझाड लावावं.

शुक्रवार

पुण्यात सध्या सूर्य सातच्या आसपास उगवतो. 7:10 ते 7:40 ही वेळ चांगली, आणि चारही दिवस हीच. गणतीला किमान 15 मिनिटं लागतात. अर्धा तास सोसायटीच्या बाल्कनीला पुरतो. एकाच जागी बसून मोजल्याची नोंद ‘स्टेशनरी’ प्रकारात जाते. 30 मीटरपलीकडे फिरलो तर ती त्या प्रकारात बसत नाही. चहा करता करता सहज दिसलेला पक्षी ‘इन्सिडेंटल’मध्ये, वेगळ्या यादीत. दिवसभराचं येता-जाता दिसलेलं सगळं एका यादीत कोंबलं की त्यातला वेळेचा आकडा निरर्थक होतो.

आकड्याचं गणित इथेच चुकतं. समजा 7:12 ला भांड्यावर दोन लालबुड्या बुलबुल आले, 7:20 ला एक, 7:31 ला तीन. बेरीज सहा होते, पण लिहायचे तीन. तीच जोडी उंबरावर जाऊन परत आलेली असते. दाण्यापाण्याच्या जागी पक्षी फेऱ्या मारतात, म्हणून एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा धरायचा. वहीत उभी रेघ मारून मोजायची सवय असेल तर ती मोडावी लागते. प्रत्येक जातीपुढे एकच आकडा ठेवायचा आणि त्याहून मोठा दिसला की जुना खोडायचा. वेगळे आहेत हे नक्की कळलं तरच बेरीज: आधी काळाकुळकुळीत कोकीळ नर, मग ठिपक्यांची मादी, तर दोन. शिपाई बुलबुल आणि लालबुड्या यांच्या नोंदी अर्थातच स्वतंत्र.

अमेरिका-कॅनडातले मराठी पक्षीवेडे नोव्हेंबर ते एप्रिल प्रोजेक्ट फीडरवॉच, म्हणजे दाण्यापाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांची मोजणी, करतात. तिथे सलग दोन दिवसांच्या मोजणीला हाच नियम आहे. फरक इतकाच की तिथे डोक्यावरून निघून गेलेली घार धरत नाहीत, ई-बर्डवर धरायची.

आकड्याऐवजी ‘एक्स’ टाकता येतो, पण टाकू नये. त्यातून ‘होता’ एवढंच कळतं. पोपटांचा थवा भर्रकन गेला तर त्यातले दहा मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि थव्यात असे किती बसतात ते बघायचं. अंदाजे 40 हा आकडा एक्सपेक्षा कितीतरी चांगला.

शेवटी ॲप विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का. ‘हो’ म्हणायचं असेल तर कावळे आणि पारवेही हवेतच. नुसता तांबट आणि हळद्या लिहून ‘हो’ म्हटलं की त्या अर्ध्या तासात तिथे कावळा नव्हताच असं नोंदलं जातं.

शनिवार

फोटो. गणतीचा फोटो हा पुरावा असतो, तो देखणा नसला तरी चालतं. ओळखीची खूण दिसली पाहिजे. शिंजीराच्या मादीचा गळा दिसला पाहिजे: जांभळ्या शिंजीराच्या मादीत पिवळसरपणा गळ्यापासूनच असतो, जांभळ्या पाठीच्या शिंजीराच्या मादीचा गळा राखट-पांढरा आणि पिवळं त्याच्या खाली. वरून, पाठीचा काढलेला फोटो कितीही स्वच्छ असो, या दोघींत फरक करत नाही. होल्यांचं उलट आहे, तिथे मान बघायची. ठिपकेवाल्या होल्याच्या मानेमागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा, छोट्या होल्याच्या गळ्यावर पुढून तांबूस-काळी नक्षी. म्हणून एका पक्ष्याचे तीन कोन घ्यायचे: समोरून, बाजूने, आणि उडताना शेपटी उघडते तेव्हा.

भांड्यापासून तीनेक फुटांवर एक सुकी फांदी बांधली की पक्षी आधी तिच्यावर बसून अंदाज घेतो. फोटो तिथेच घ्यायचा. बुलबुल बसलेला असला तरी मान सारखी हलते, म्हणून शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास. 1/250 ला अंग स्पष्ट येतं आणि डोळा पुसट. सकाळच्या पांढऱ्या आभाळापुढे पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक ते दीड स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्यात +1 ते +1.5, वाढवायचं, आभाळ जळालं तर जळू द्यायचं. काचेतून काढताना लेन्स काचेला टेकवून धरायची आणि खोलीतला दिवा बंद करायचा. फोनचा डिजिटल झूम ताणण्यापेक्षा 8x42 (आठपट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीच्या डोळ्याला फोन लावलेला परवडतो. फ्लॅश नको, हाका वाजवून बोलावणं नको, घरट्याजवळ तर जायचंच नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ आधी फोनशी जुळवून घ्यायचं. फोटोची तारीख आणि यादीची तारीख जुळली नाही की नंतर निस्तरत बसावं लागतं.

पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपने सुचवलेलं नाव ही फक्त सूचना. आपल्या कानांनी ऐकलं, डोळ्यांनी बघितलं, तरच यादीत. ओळख पटली नाही तर ‘शिंजीर, जात अनिश्चित’ असा पर्याय ॲपमध्येच आहे आणि तो बेधडक वापरावा. चुकीचं नेमकं नाव जास्त नुकसान करतं.

रविवार

शिक्रा, हा छोट्या पक्ष्यांची शिकार करणारा पक्षी, समोरच्या नारळावर. भांडं वीस मिनिटं रिकामं, चिमण्या कुठल्या कुठे, कावळ्यांची मात्र आरडाओरड. अशी यादीही टाकायचीच, पाच जातींची का असेना. शिक्रा गेल्यावर नव्याने अर्धा तास मोजायचा मोह होतो. मोजावा, पण ती दुसरी यादी. पहिली पुसायची नाही. चांगल्याच सकाळी निवडून टाकल्या की भांड्यावर नेहमी गर्दी असते असं चित्र तयार होतं.

सोमवार

ॲपने एखाद्या आकड्यावर किंवा जातीवर ‘दुर्मीळ’ अशी खूण केली तर टिपणात काय दिसलं ते लिहायचं: आकार, चोच, रंग, किती वेळ, किती अंतरावरून. ‘नक्की तोच होता’ एवढ्याने ई-बर्डच्या नोंदी तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. फोटोवर नावाचा ठसा किंवा चौकट टाकायची नाही. पहिल्याच टिपणात हेही हवं: ‘पाण्याचं भांडं आणि दाणे ठेवलेले आहेत.’ आमिषाने येणारी संख्या आणि मोकळ्या झाडावरची संख्या एकसारखी वाचली जाऊ नये.

या याद्यांचं पुढे काय होतं ते बघायचं तर 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल काढावा. 942 जाती, 30 हजारांवर निरीक्षक, तीन कोटींवर नोंदी. पारवा, कोकीळ, मोर यांची चलती आहे, हे त्यातूनच पुढे आलं. आधीच्या 2020 च्या अहवालात देशपातळीवर चिमणी साधारण टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत घटते आहे, असं दिसलं. ‘चिमण्या संपल्या’ म्हणणाऱ्यांना हे रुचत नाही. पण चिमणीपुढे कुणीतरी दर वेळी आकडा लिहिला म्हणूनच ते दिसलं.

पुढची मोजणी आठवड्याला एकदा, त्याच खुर्चीवरून, त्याच वेळी. नोव्हेंबरात 5 ते 12 हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. तेव्हा चार दिवस सलग मोजायचे, म्हणजे फेब्रुवारीतल्या आकड्यांशी ताडून बघता येतील.