तुलूझचा सामना पाहाच, पण कास्त्रलाही उतरा

आधी तारखेचं सांगतो, कारण माझे पैसे तिथेच गेले. फ्रान्समधल्या रग्बीच्या अव्वल क्लब स्पर्धेचं, म्हणजे टॉप १४चं वेळापत्रक उन्हाळ्यातच जाहीर होतं. पण त्यात फक्त आठवडा ठरलेला असतो. सामना शनिवारी दुपारी, शनिवारी रात्री की रविवारी रात्री, हे टीव्हीच्या सोयीने नंतर ठरतं. मी मुंबईहून निघायच्या दोन महिने आधी तुलूझ ते पॅरिस परतीचं स्वस्त तिकीट काढलं आणि सामना नेमका त्या गाडीच्या वेळेवर आला. तिकीट बदलता येणारं नव्हतं. तेव्हा विमानाचं तिकीट आधी काढायला हरकत नाही, पण फ्रान्समधल्या आगगाड्या आणि हॉटेल पक्कं करायचं ते सामन्याचा दिवस आणि वेळ जाहीर झाल्यावरच.

भाचा तुलूझला विमान-कारखान्यात इंजिनिअर आहे. एअरबसमुळे तिथे आपली मुलं बरीच आहेत. तो दोन वर्षं म्हणत होता, "मामा, एकदा ये, स्टेडियमला जाऊ." या मार्चमध्ये योग आला. मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. तिथून मोंपार्नास स्टेशनवरून बोर्दोमार्गे साडेचार तासांच्या आत तुलूझ येतं.

मार्च निवडला ती दुसरी चूक. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा देशांची स्पर्धा चालू असते, राष्ट्रीय संघाचे खेळाडू तिकडे असतात आणि क्लबचे सामने मात्र थांबत नाहीत. नोव्हेंबरातही तसंच. तुलूझचा सर्वात नामवंत खेळाडू आंत्वान द्युपाँ याला मैदानावर पाहायचंच असेल तर हे आठवडे टाळा. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा हा सर्वात चांगला काळ, ऊनही असतं आणि गुणतक्ता तापलेला असतो. माझ्या वाट्याला द्युपाँ आला नाही. पण त्याच्या जागी एकोणीस-वीस वर्षांची, क्लबच्याच शाळेत वाढलेली पोरं खेळताना पाहिली, आणि ही स्पर्धा एका-दोघा नामवंतांच्या जिवावर चालत नाही हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

तुलूझचा क्लब स्ताद तुलूझँ. लाल-काळा पोशाख, स्थापना १९०७. २०२५मध्ये त्यांनी फ्रान्सचं विजेतेपद चोविसाव्यांदा जिंकलं, युरोपचं सहा वेळा. मैदानाचं नाव एर्नेस्त वालाँ, क्लबच्या पहिल्या अध्यक्षांचं. ते कायद्याचे प्राध्यापक होते. मैदान शहराच्या वायव्येला सेत-दनिये भागात आहे, बस जाते. पण पाय चालत असतील तर बस घेऊ नका. गारोन नदीकाठच्या सेंत-पियेर चौकातून निघा. हा चौक विद्यार्थ्यांचा आणि रग्बीवाल्यांचा, सामन्याच्या दिवशी दुपारपासून तिथे लाल-काळे मफलर दिसू लागतात. तिथून ब्रिएन कालव्याच्या काठाने, दोन्ही बाजूंच्या उंच झाडांखालून चालत पाँ-ज्युमो या जोडपुलांपाशी या. तिथे तीन कालवे एकत्र येतात आणि पुलांच्या मध्ये अठराव्या शतकातलं पांढऱ्या संगमरवराचं मोठं शिल्प आहे. क्लबचं जुनं मैदान इथेच होतं. शहराबाहेरून जाणाऱ्या रस्त्यासाठी ते गेलं आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आजचं मैदान उभं राहिलं. सगळी चाल तीन-साडेतीन किलोमीटरांची. आम्ही निघालो तेव्हा पुढेमागे चार-पाच माणसं होती, पुलांपाशी पोचेपर्यंत त्याची दिंडी झाली होती. आजोबा, सून, खांद्यावर नातू. घोषणा कुणी देत नव्हतं, आरडाओरडा नव्हता, सगळे एकाच दिशेने चाललेले.

तिकिटाचं नीट ऐका. या मैदानात एकोणीस हजारांच्या आसपास माणसं मावतात आणि बहुतेक जागा वर्षभराच्या सभासदांनी आधीच धरलेल्या असतात. उरलेली तिकिटं क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच घ्या. ज्या सभासदाला यायचं नसतं तो आपली जागा तिथेच विकायला ठेवतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रोज डोकावत राहा. आमची दोन तिकिटं सामन्याच्या तीन दिवस आधी तशीच मिळाली. दुसऱ्या कुठल्या साइटवरून दुप्पट-तिप्पट दराने घेऊ नका. तिकीट मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, हजारो माणसं जमली की दारापाशी नेटवर्क मिळत नाही. मोठी सॅक नको, काचेची बाटली नको, छत्री नको. पावसाळी जाकीट मात्र हवंच. मार्चमधला तो वारा मुंबईच्या माणसाच्या हाडात शिरतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कडेच्या गॅलरीत मधोमध बसावं असं सगळे सांगतात. मी म्हणेन, गोलखांबांच्या बाजूला कोपऱ्यात बसा. पाच मीटरच्या रेषेवर स्क्रम लागतो, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण खांदे भिडवून एकमेकांना रेटतात, तेव्हा सोळा जणांच्या अंगाची धडक तिथून कानांनी ऐकू येते. टीव्हीवर तो आवाज कधी पोचत नाही. आणि तुलूझचा खेळ समजायचा तर चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो ते जवळून पाहावं लागतं. 'हाताचे खेळ, हलकटांचे खेळ' अशा अर्थाची एक फ्रेंच म्हण आहे, मस्ती करणाऱ्या मुलांना मोठी माणसं ऐकवतात ती. तुलूझवाल्यांनी तिचं करून टाकलं, 'हाताचे खेळ, तुलूझचे खेळ'. धक्का घेता घेता, पडता पडता मागच्याला चेंडू देणं ही त्यांची ओळख आणि अठरा वर्षांची पोरंही तेच करतात.

गुणांचा हिशेब आधी समजून जा, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत लोक का तळमळतात ते कळत नाही. गुणतक्त्यात विजयाला चार गुण. चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय. प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन ट्राय जास्त केले तर एक जादा. सामन्यातल्या पाच किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तर हरूनही तक्त्यात एक गुण. आम्ही पाहिलेल्या सामन्यात अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला तुलूझचे चार ट्राय झालेले, पाहुण्यांचा एक. विजय कधीच खिशात होता. तेवढ्यात पाहुण्यांनी कोपऱ्यात दुसरा ट्राय केला आणि माझ्या शेजारच्या बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मामा, जादा गुण गेला." मैदानावरचे पंधरा जणही जिंकल्यासारखे दिसत नव्हते. पुढची दोन मिनिटं ते हरत असल्यासारखे त्या एका गुणासाठी झुंजले. मिळाला नाही.

चौदा संघ, प्रत्येकी सव्वीस सामने. पहिले सहा पुढे जातात. त्यातले वरचे दोन थेट उपांत्य फेरीत, बाकीचे चौघे आधी आपसात भिडतात. तळाचा चौदावा खालच्या विभागात जातो आणि तेराव्याला आपली जागा वाचवायला एक सामना खेळावा लागतो. जूनच्या अखेरीस अंतिम सामना, बहुधा पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर. विजेत्याला मिळते ब्रेन्यूसची ढाल, लाकडावर धातू मढवलेली. १८९२मध्ये पहिलं विजेतेपद एकाच सामन्यावर ठरलं, पॅरिसच्याच दोन क्लबांत, आणि रेफ्री होते ऑलिंपिक पुन्हा सुरू करणारे पियेर द कुबेर्तँ. फ्रेंच लोक या ढालीला प्रेमाने 'लाकडाचा तुकडा' म्हणतात. क्लेरमाँ या मिशेलिन टायरवाल्यांच्या शहराने दहा अंतिम सामने हरल्यानंतर २०१०मध्ये तो लाकडाचा तुकडा पहिल्यांदा घरी नेला.

बहुतेक पाहुणे तुलूझ पाहून परततात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एक दिवस वाढवा आणि कास्त्रला जा.

तुलूझच्या मातबियो स्टेशनवरून लहान गाडी सव्वा तासाच्या आसपास कास्त्रला पोचवते. वस्ती चाळीस हजारांच्या घरात, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एवढ्याशा गावाचा संघ पॅरिस, लियाँ, बोर्दो यांच्या पंक्तीत बसतो आणि १९४९, १९५०, १९९३, २०१३, २०१८ असा पाचदा फ्रान्सचा विजेता झालाय. २०१८ला तर गुणतक्त्यात सहावा राहून. २०२२ला उलट झालं, तक्त्यात पहिला आला आणि अंतिम सामना हरला.

हे कसं जमतं त्याचं अर्धं उत्तर मैदानाच्या नावात आहे. पियेर फाब्र हे गावातले औषधविक्रेते. त्यांनी इथूनच औषधं आणि त्वचेच्या मलमांची मोठी कंपनी उभी केली. आव्हेन हे नाव आपल्याकडच्या त्वचेच्या डॉक्टरांकडेही ऐकलं असेल, ते यांचंच. त्यांनी क्लबला आयुष्यभर हात दिला. २०१३च्या जूनमध्ये कास्त्रने ढाल जिंकली आणि पुढच्याच महिन्यात ते गेले.

उरलेलं अर्धं उत्तर मला मैदानात मिळालं. मैदान लहान आहे, बारा हजारांच्या आत-बाहेर, गावातून चालत जाता येतं. तिकीट आठवडाभर आधी सहज मिळालं आणि तुलूझपेक्षा स्वस्त. इथे दोन्ही संघांचे लोक शेजारी शेजारी बसतात, वेगळं कुंपण नसतं. आमच्या बाजूला निळा-पांढरा मफलर घातलेले पंचाहत्तरीचे एक आजोबा होते. भाच्याच्या फ्रेंचमधून बोलणं सुरू झालं. त्यांचे वडील लोकरीच्या गिरणीत होते. कास्त्र आणि शेजारचं माझामे हा सगळा लोकर-कापडाचा मुलूख, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मी त्यांना सांगितलं, माझे वडीलही गिरणीतच होते, लालबागला. संपानंतर भोंगा थांबला, पण आमच्या गल्लीतल्या मंडळाची कबड्डी थांबली नाही. संध्याकाळी दिवे लावून पोरं खेळतच राहिली. भाचा हे सांगत असताना आजोबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि मैदानाकडे बोट केलं. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

फॅशन स्ट्रीटला खरेदीला गेल्यावर समोरच्या जिमखान्याच्या हिरवळीवर मी लहानपणी रग्बी पाहिली होती. तो साहेबांचा खेळ, आपला नव्हे, असं तेव्हा मनात बसलं ते चाळीस वर्षं तसंच राहिलं. कास्त्रच्या फळ्यांवर बसून ते गेलं. खाली खेळत होते ते मुंबईतल्या गिरणगावच्या पोरांसारखेच, मांड्या थोपटून समोरच्याला आव्हान देणारे.

त्या सामन्यातही शेवट गुणाच्या हिशेबानेच रंगला. एकोणऐंशीव्या मिनिटाला पाहुणे आठ गुणांनी मागे आणि त्यांना पेनल्टी मिळाली. मला वाटलं, आता ट्रायसाठी धाव घेतील. त्यांच्या कर्णधाराने गोलखांबाकडे बोट दाखवलं, म्हणजे किक मारायची. तीन गुण, फरक पाचाचा, हरूनही एक गुण पदरात. त्यांचे शे-दोनशे लोक जिंकल्यासारखे नाचले. आजोबा मात्र पुटपुटत राहिले, हा एक गुण मेमध्ये आम्हाला नडेल.

कास्त्रला जाणाऱ्यांसाठी मुख्य गोष्ट गाडीची. दुपारचा सामना असेल तरच त्याच दिवशी परतायचा बेत करा. रात्री नऊचा असेल तर तुलूझला परत जायला गाडी मिळणार नाही, गावातच मुक्काम ठरवून ठेवा. सकाळी लवकर पोचलात तर आगू नदीवरची जुन्या चर्मकारांची रंगीत घरं पाहा, पाण्यात उतरलेली. जुन्या बिशपवाड्यात गोयाच्या नावाचं स्पॅनिश चित्रांचं संग्रहालय आहे, तास-दीड तास द्या. समाजवादी नेते झाँ जोरेस यांचा जन्म याच गावातला.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी आधीच बघावं. दोन्ही मैदानांवर पावात घातलेली सॉसेज आणि बदकाचं मांस हाच मुख्य कारभार. भाजी न विचारता फक्त तळलेले बटाटे मागा. पोट तुलूझमध्येच भरून निघावं हे उत्तम. व्हिक्टर ह्युगो बाजाराच्या वरच्या मजल्यावर दुपारचं जेवण मिळतं, सोमवारी बंद. कासुले ही इथली पांढऱ्या घेवड्याची प्रसिद्ध उसळ आहे, पण तिच्यात बदक आणि सॉसेज असतातच, नावाला भुलू नका. बेकरीत चॉकलेट भरलेला पाव मागताना 'शोकोलातीन' म्हणा. पॅरिसचा शब्द वापरलात तर दुकानदार हसून दुरुस्त करतो. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, फळं-पाणी शनिवारीच घेऊन ठेवा.

परतीच्या गाडीत दोन्ही रंगांचे मफलर होते. कुणीतरी सुरीने चीज कापून डब्यात फिरवलं, आम्हालाही दिलं. भाच्याने फोनवर कास्त्रचे पुढचे सामने काढले. मेमधला घरचा सामना दिसत होता, आठवडा ठरलेला, दिवस आणि वेळ अजून नाही.

"मामा, थांबतोस का तोपर्यंत?"

मी मुंबईच्या विमानाची तारीख बदलायला किती पैसे लागतात ते बघायला सांगितलं.