9 सेंटीमीटरची दुरुस्ती

समुद्रतळाशी बुडालेल्या एका जुन्या जहाजाचे अवशेष आम्ही मोजत होतो. संध्याकाळी आकडे नकाशावर चढवले आणि एका फळीला बाक आला. फळीवर मोजलेल्या सात बिंदूंपैकी पहिले चार सरळ रेषेत, पुढचे तीन 9 सेंटीमीटर बाजूला. मधला भाग गंज आणि चुन्याच्या घट्ट गोळ्याखाली, त्यामुळे डोळ्यांनी खात्री करायची सोय नाही. ‘जहाजाची दुरुस्ती, मागून बसवलेला तुकडा’ असं कुणीतरी टिपणात लिहूनही टाकलं होतं. अंदाज अगदीच वेडा नव्हता. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात बांधलेलं किरेनियाचं जहाज, सायप्रसजवळ सापडलेलं प्राचीन ग्रीक व्यापारी जहाज, बुडण्याआधी अनेकदा दुरुस्त झालं होतं, वर शिशाचा पत्राही मढवला होता.

मला खटकल्या त्या खाचा. या पद्धतीच्या जहाजात आधी फळ्यांचं कवच उभं राहतं, फासळ्या मागून येतात. फळ्यांच्या कडांत समोरासमोर खाचा पाडून त्यांत लाकडी पट्टी बसवतात आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांतून, पट्टीच्या आरपार खुंटी ठोकतात. आधीच जागेवर असलेल्या फळ्यांमध्ये नवा तुकडा घालायचा तर कडेतून पट्टी सरकवायला वाव नसतो, म्हणून दुरुस्तीचे सांधे सहसा वेगळे दिसतात. इथे गोळ्याच्या दोन्ही बाजूंना खाचांमधलं अंतर 12 सेंटीमीटरच्या आसपास होतं आणि खुंट्याही एकाच घडणीच्या.

मग मोजमापांकडे वळलो. तळ 18 मीटरवर. अवशेषांभोवती अ, ब, क, ड, इ अशा पाच पक्क्या खुणा ठोकलेल्या होत्या. प्रत्येक बिंदूपासून निदान चार खुणांपर्यंत टेप आणि सोबत खोली, हा नियम. तीन टेपांतही बिंदू निघतो, पण मग चूक पकडायला काही शिल्लक राहत नाही. गणित ती चूक मुकाट पोटात घालतं. पाणबुड्याच्या मनगटावरच्या संगणकाने दाखवलेली खोली दहा-दहा सेंटीमीटरच्या पायरीने येते, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. फळीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. बॅलास्टच्या, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेल्या दगडांचा ढीग आड येत होता, म्हणून तीनच टेप घेतलेले, त्यांत एक क-चा.

टेपच्या चुकांना आपापला चेहरा असतो. टेप दगडाला अडकला किंवा प्रवाहात फुगला, तर अंतर नेहमी जास्तच येतं, कमी कधीच नाही. बरोबर 1 मीटरचा फरक म्हणजे वाचणाऱ्याची चूक. त्याच दिवशीचे, पाच टेपांनी मोजलेले दुसरे बिंदू तपासले तर क-च्या पश्चिमेकडच्या बिंदूंची अंतरं जास्त, पूर्वेकडच्यांची कमी, उत्तर-दक्षिणेकडची जवळपास ठीक. क वगळून पुन्हा गणित केलं, बाकीचे टेप 2 सेंटीमीटरच्या आत जुळले. म्हणजे खूण पूर्वेला सरकली होती.

सकाळी खाली उतरून पाचही खुणांमधली दहा अंतरं घेतली. क नसलेली सहा पहिल्या दिवसाशी जुळली, क असलेल्या चारांपैकी तीन चुकली. खूण वाकलेली, बुडाशी वाळूत फट, कडेला ताजा ओरखडा. बाकीच्या चार खडकात भोक पाडून बसवलेल्या. ही एकच, खडक सापडला नाही म्हणून वाळूत ठोकलेली. दगडांची टोपली लिफ्ट बॅगने, म्हणजे हवा भरून वजन उचलणाऱ्या पिशवीने, वर नेताना तिचा दोर हिला अडकून ओढला गेला असणार. बॅगमध्ये हवा भरताना नजर बॅगवर असते. सैल दोर कुठे लोळतोय हे तेव्हा कुणी पाहत नाही.

कधी हलली, हे फोटोंनी सांगितलं. त्रिमितीय मॉडेलसाठी रोज सकाळ-दुपार फोटो काढले जात होते. सकाळच्या फोटोंत खूण उभी, दुपारच्या फोटोंत कललेली. फळीचे पहिले चार बिंदू सकाळचे, उरलेले तीन दुपारचे. त्या दुपारनंतरचे 31 बिंदू संशयित ठरले. पाच टेप असलेल्यांतून नुसता क काढला तरी भागलं. फळीच्या तिघांतून तो काढला तर हाती दोनच टेप, म्हणून ते नव्याने मोजावे लागले. दगड उचलून आडोसा दूर करण्यात एक अख्खी डाइव्ह गेली, कारण खालचं लाकूड इतकं मऊ की नखाचाही वण उठतो. प्रत्येक दगड दोघांनी सरळ वर उचलायचा, घासत न्यायचा नाही.

नव्या आकड्यांत बाक उरला नाही. गोळ्याखाली अखंड फळी आहे हे त्याने सिद्ध होत नाही, पण दुरुस्ती म्हणायला आता काही आधारही नाही. टिपणातली ओळ पुसून टाकली नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी तारीख आणि कारण लिहिलं. फळीवर कापड अंथरून वाळूच्या पिशव्या रचल्या, कारण उघड्या लाकडात ते पोखरणारा जहाजकिडा फार लवकर शिरतो. नवी खूण खडकात बसवली आणि तिला क नव्हे, फ हे नाव दिलं. जुनंच अक्षर ठेवलं असतं तर वहीतले आधीचे आणि नंतरचे टेप एकमेकांत मिसळले असते.