उपकराचा पैसा आणि नव्वद दिवसांचा दाखला

बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने सुरू झालेला साधारण एक टक्का उपकर बांधकामाच्या खर्चावर आकारला जातो आणि तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. हा पैसा जमतो भराभर. खर्च मात्र रखडत होतो, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालांतूनही पुढे आले आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये त्यावरून सरकारांची कानउघाडणी केली.

सांगलीत सकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून चौकात उभ्या राहणाऱ्या गवंड्याला, किंवा त्याच्या हाताखालच्या बिगारी बाईला, या मंडळाकडे नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण रोज वेगळ्या मुकादमाकडे जाणाऱ्या माणसाला तो द्यायचा कोणी? (दाखल्यासाठी एक दिवस घालवला की त्या दिवसाची हजेरी बुडते, ती वेगळीच.)

रखडलेल्या पैशाचा जाब विचारायची वाटही लांबची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 प्रमाणे राज्याचे लेखापरीक्षण अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर येतात व पुढे सरकारी खर्च तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती अधिकाऱ्यांची साक्ष घेते. आपल्याकडे ते अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी मांडले जातात, त्यामुळे चर्चेला वेळच उरत नाही. संसदेच्या लोकलेखा समितीत 22 सदस्य असतात आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तो चांगलाच आहे, परंतु समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतात.

त्यातच धोरणावर दबाव आणणाऱ्या मध्यस्थांची नोंद ठेवणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना मंत्रालयात कोणाला भेटल्या हे म्हणूनच कळत नाही, आणि बिगारी बाईची बाजू मांडायला तिथे सहसा कोणी गेलेले नसते.